हात धुण्याचा पंप कोण धुणार?

दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातले, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेले गाव. सोलापूर–वाडी लोहमार्गावरचे स्थानक आणि भुसार मालाची बाजारपेठ ही त्याची ओळख. इथल्या बऱ्याच मुलांची घरची भाषा कन्नड आणि शाळेची मराठी. अशाच एका शाळेत दुपारच्या पोषण आहाराच्या वेळी आम्ही गेलो होतो. हात धुण्याच्या जागी दोन नळ, आणि कठड्यावर दाबल्यावर साबण सोडणारी प्लॅस्टिकची बाटली. २०२० साली करोनाची साथ आली त्यानंतर अशा बाटल्या पुष्कळ शाळांत दिसू लागल्या. मुले रांगेने येत होती, बाटलीच्या डोक्यावर एकदा दाबत होती, हात चोळत होती. बघून बरे वाटले.

थोड्या वेळाने बाटली अडली. दाबले की डोके खाली जाई, पण वर येईना. बाईंनी ती हलवली, आपटली, चोचीत टाचणी घातली. शेवटी झाकण फिरवून पंप बाहेर काढला. नळीच्या बाहेरून करडा, बुळबुळीत थर बसला होता. वास साबणाचा नव्हता, ओल्या फडक्याचा होता. एका मुलीने विचारले, "बाई, साबण पण घाण होतो का?"

आवारातल्या हापशाच्या कामासाठी त्या दिवशी एक मिस्त्री आले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी तो पंप हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "गुरुजी, ह्याला उघडायला जागाच ठेवली नाही की. मग आतला वायसर बघायचा कसा आणि धुवायचं कसं?"

मुलीचा प्रश्न जीवशास्त्राचा आणि अण्णांचा यंत्रशास्त्राचा. पण दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. या लेखात आपण तेच शोधणार आहोत.

पंपाच्या आत काय असते?

वर्गात दाखवण्यासाठी एक रिकामा पंप करवतीने उभा कापावा. कापल्याशिवाय तो उघडत नाही, ही गोष्ट मुलांच्या आपोआप लक्षात येते. आत साधारणपणे हे भाग दिसतात: वरचे दाबायचे डोके आणि त्याची चोच, डोक्याला जोडलेला पोकळ दांडा, दांड्याच्या टोकाला दट्ट्या, दट्ट्या ज्यात वरखाली सरकतो ते नळकांडे, दट्ट्याला परत वर ढकलणारी स्प्रिंग, नळकांड्याच्या तळाशी काचेची किंवा पोलादाची एक बारीक गोळी, आणि तिच्याखाली बाटलीच्या बुडापर्यंत गेलेली नळी.

गोळी म्हणजे खालची झडप. वरची झडप दट्ट्यापाशी असते. डोके दाबले की दट्ट्या खाली येतो, नळकांड्यातल्या साबणावर दाब पडतो, गोळी आपल्या बैठकीवर घट्ट बसते आणि खालची वाट बंद होते. साबणाला वरच्या झडपेतून, पोकळ दांड्यातून, चोचीकडे जाण्याखेरीज मार्ग राहत नाही. हात काढला की स्प्रिंग दट्ट्याला वर नेते. आता वरची झडप बंद होते. नळकांड्यात जागा वाढल्याने दाब कमी होतो, बाटलीतल्या साबणावर मात्र हवेचा दाब असतोच. त्यामुळे गोळी उचलली जाते आणि नळीतून नवा साबण आत येतो.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. जेवढा साबण बाहेर गेला तेवढी हवा बाटलीत यायला हवी, नाहीतर बाटली आत चेपेल. म्हणून नळकांड्याच्या वरच्या भागात हवेसाठी एक बारीक भोक ठेवलेले असते. दट्ट्या खाली गेला की ते उघडे पडते. ओल्या हातांनी डोके दाबल्यावर दांड्यावरून ओघळलेले पाणी याच वाटेने आत शिरू शकते. हे भोक पुढे आपल्या कामाला येणार आहे.

आता हापसा आठवा. त्यातही दट्ट्या आहे, नळकांडे आहे, दट्ट्यात एक झडप आहे आणि तळाशी एक झडप आहे. फरक एवढाच की हापशात दट्ट्या वर येताना पाणी उचलले जाते आणि बाटलीत दट्ट्या खाली जाताना साबण बाहेर पडतो. तरी दोन्हीकडे आपला हात खालीच दाबतो. हापशाचा दांडा ही तरफ आहे. दांडा खाली गेला की दट्ट्या वर येतो.

मुलांकडून एक हिशेब करून घ्यावा. बाटलीच्या पंपाच्या दट्ट्याचा व्यास १२ मि.मी. आणि त्याची सरक १४ मि.मी. धरली, तर क्षेत्रफळ सुमारे १.१३ चौ.सें.मी. आणि एका दाबात येणारा साबण सुमारे १.६ मि.ली. आपल्याकडच्या नेहमीच्या हापशाच्या नळकांड्याचा व्यास ६३.५ मि.मी. आणि दट्ट्याची सरक १२५ मि.मी. असते. म्हणजे एका हापशात सुमारे ४०० मि.ली. पाणी. एक पंप दुसऱ्याच्या अडीचशे पट, पण तत्त्व एकच.

याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते. शंभर मुलांनी एकेकदा दाबले तर १६० मि.ली. साबण लागतो. पाव लिटरची बाटली दोन दिवसही पुरत नाही. म्हणून ती पुन्हा पुन्हा भरावी लागते, आणि पुरवठ्याला यावा म्हणून साबणात पाणी घातले जाते. गोष्ट बिघडते ती इथे.

साबण घाण होतो का?

होतो. द्रवरूप साबणात जीवाणू वाढू नयेत म्हणून त्यात परिरक्षक द्रव्ये मिसळलेली असतात. ती ठरावीक प्रमाणात असली तरच काम करतात. साबणात पाणी घातले की ती विरळ होतात. जोडीला पाण्यातले आणि हातांवरचे जीवाणू आत येतात. त्यांतले काही प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट पदार्थ सोडतात आणि त्याच्या आधाराने वाढतात. या थराला जैवपटल म्हणतात. नदीतल्या दगडावरचा बुळबुळीतपणा आणि दातांवर साचणारे कीट ही त्याचीच रूपे. वरून औषध ओतून हा थर सहसा निघत नाही. दातांवरचे कीट नुसत्या चूळ भरण्याने जाते का? त्याला घासावेच लागते, तसेच हे.

२०११ साली अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या शाळेतली साबणाची १४ पात्रे वरून ओतून भरायची होती, आणि चौदाही दूषित निघाली. त्या साबणाने हात धुतल्यावर मुलांच्या आणि शिक्षकांच्या हातांवरचे ग्रॅम-ऋण जीवाणू कमी होण्याऐवजी सरासरी २६ पट वाढलेले आढळले. पुढे त्या जागी बंद पिशवीतून साबण देणारी पात्रे बसवली. वर्षभरानंतर त्यांतले एकही दूषित नव्हते.

हा अभ्यास वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. त्यात भाग घेणाऱ्यांत बंद पिशव्यांचा साबण विकणाऱ्या कंपनीचे संशोधकही होते. त्यामुळे निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण 'बंद पिशवी हाच उपाय' असे म्हणण्यापूर्वी आपण थांबून विचार करावा. त्या पिशव्या नियमित विकत घेणे सगळ्याच शाळांना परवडणारे नाही, आणि रिकाम्या पिशव्यांचा कचरा टाकायचा कुठे हाही प्रश्न उरतो.

मात्र एका मुद्द्यावर मतभेद नाही. अर्ध्या भरलेल्या बाटलीत वरून नवा साबण ओतू नये, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००२ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले. त्या सूचना दवाखान्यांसाठी होत्या, तरी कारण शाळेलाही लागू पडते. बाटली पुन्हा वापरायची तर आधी ती रिकामी करावी, धुवावी आणि मग भरावी.

बाटली धुता येते. पंप कसा धुणार? घरातली भांडी आठवा. दुधाचे भांडे तोंडाला रुंद का असते? आत हात गेला पाहिजे म्हणून. जिथे हात पोचत नाही तिथे घाण राहते, हे दूध तापवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. साबणाच्या पंपात हातच काय, ब्रशही पोचत नाही. त्याच्या कड्या एकाच दिशेने सरकून अडकतील अशा केलेल्या असतात. यंत्रावर तो क्षणात जुळतो, स्वस्त पडतो आणि वाटेत सुटत नाही. कारखान्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण तो पंप एका बाटलीपुरता, संपली की टाकून द्यायचा म्हणून बनवलेला आहे. आपण तो वर्षभर वापरतो.

सोलापूरच्या पंपाचा धडा

पंप चालणे आणि पंप उघडता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा धडा आपल्या देशाने हापशावर शिकला आहे, आणि त्या गोष्टीत सोलापूरचे नाव मानाने घेतले जाते.

१९६०च्या दशकात दुष्काळी भागात यंत्राने विंधन विहिरी घ्यायला सुरुवात झाली. त्यांवर बसवलेले हातपंप बिडाचे होते, परदेशी घरगुती पंपांवरून घडवलेले. एका कुटुंबासाठी केलेला पंप अख्ख्या गावाने दिवसभर हापसला तर किती टिकणार? १९७०च्या दशकाच्या मध्यावर पाहणी झाली तेव्हा बसवलेल्या पंपांपैकी बहुसंख्य बंद पडलेले आढळले. म्हणजे जमिनीत पाणी होते, पण घागर रिकामी होती.

त्या वेळी जास्त टिकाऊ म्हणून दोन पंप पुढे आले. एक जालन्याचा आणि दुसरा सोलापूरचा. सोलापूर वेल सर्व्हिसने प्रचारात आणलेल्या सोलापूर पंपात बिडाऐवजी पोलाद होते, आणि दांड्याला अनेक सांध्यांऐवजी फिरण्याचा एकच आस होता. झिजणारे सांधे कमी झाले की बिघाड कमी होतात. भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या प्रयत्नांतून पुढे जो 'इंडिया मार्क-२' पंप तयार झाला, त्याचा पाया हा सोलापूर पंप होता. कोइमतूर भागात त्याच्या चाचण्या झाल्या आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस तो कारखान्यांतून बाहेर पडू लागला. भारतीय मानक ९३०१ नुसार त्याच्या प्रत्येक भागाचे माप ठरले. त्यामुळे एका कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्याच्या पंपाला बसू लागला. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत असे लाखो पंप बसले होते, भारतात आणि भारताबाहेरही.

मार्क-२ मजबूत होता, पण एक अडचण राहिली. जमिनीखालचा वायसर बदलायचा तर अख्खी नळमाळ वर काढावी लागे, कारण नळकांडे नळापेक्षा रुंद होते आणि दट्ट्या नळातून वर येत नव्हता. हिशेब करून पाहा. ३२ मि.मी.च्या लोखंडी नळाचे वजन मीटरला सुमारे ३ किलो, आतल्या १२ मि.मी.च्या गजाचे जवळजवळ १ किलो. तीस मीटर खोलीला हे वजन सुमारे १२० किलो होते. नळात अडकलेले पाणी वेगळेच. चाळीस-पन्नास रुपयांच्या वस्तूसाठी तिकाटणे, साखळी, गाडी आणि चार माणसे! गावाने अर्ज करायचा आणि तालुक्याहून गाडी येण्याची वाट पाहायची.

म्हणून १९८०च्या दशकात दुरुस्ती गावातच झाली पाहिजे हा विचार पुढे आला आणि त्यातून 'इंडिया मार्क-३' घडला. त्यात नळमाळ ६५ मि.मी. रुंद केली. नळकांड्याचे वरचे तोंड उघडे राहिले. नळ जमिनीतच ठेवून नुसते गज वर ओढले की दट्ट्या बाहेर येतो. दट्ट्या खाली टेकवून फिरवला की तळाची झडपही त्याच्या आट्यांत अडकून वर येते. गाडी लागत नाही.

तरीसुद्धा आपल्याकडे मार्क-२ हाच जास्त दिसतो. रुंद नळ महाग आणि जड असतो, आणि मार्क-२ तोवर सगळीकडे पोचला होता. उघडता येण्याची सोय फुकट मिळत नाही, हा या धड्याचा दुसरा भाग. साबणाच्या पंपाकडे वळताना तोही लक्षात ठेवू.

उघडणारा पंप कसा असावा?

आम्ही आणि त्या शाळेतल्या आठवीच्या मुलांनी मिळून कागदावर एक पंप मांडला. अण्णा मधूनमधून शंका काढत होते. त्यातून जे नियम निघाले ते असे.

*हत्याराशिवाय उघडावा.* रॉकेलच्या स्टोव्हचा पंप ज्यांनी वापरला असेल त्यांना आठवेल, पुढचे झाकण बोटांनी फिरवले की दांडा आणि चामड्याचा वायसर हातात येत असे. वायसरला तेल लावायचे आणि परत बसवायचे, हे काम घरातले मूलही करी. साबणाच्या पंपाचे आटेही तसेच मोठे हवेत. दीड-दोन फेऱ्यांत, ओल्या हाताने उघडतील असे. अडकवलेल्या कड्या नकोत.

*आटे ओल्या भागात नकोत.* ही शंका अण्णांची. आट्यांच्या खाचा म्हणजे घाण साठायला आयत्या चऱ्या. जितके सांधे जास्त तितक्या गळतीच्या आणि घाणीच्या जागा जास्त. म्हणजे उघडण्यासाठी सांधा हवा आणि स्वच्छतेसाठी सांधा नको, असा हा पेच आहे. उपाय असा की, आटे दट्ट्याच्या वर ठेवायचे, जिथे साबण पोचतच नाही. तळाची झडप आट्यांची न करता बुचासारखी निमुळती, दाबून बसणारी करायची.

*नळकांडे सरळ आणि रुंद असावे.* आत कोपरा किंवा पायरी असू नये. बाटली घासायचा छोटा ब्रश आरपार जावा. आम्ही व्यास १२ ऐवजी १६ मि.मी. धरला. क्षेत्रफळ सुमारे २ चौ.सें.मी. झाले, म्हणून तेवढाच १.६ मि.ली. साबण येण्यासाठी सरक १४ वरून ८ मि.मी.वर आली. रुंदी वाढली आणि उंची घटली. मात्र दाब तोच ठेवायचा तर बोटाने जोर पावणेदोन पट द्यावा लागतो. पहिलीच्या मुलाला ते जमेल का, हे करून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

*स्प्रिंग साबणात बुडलेली नसावी.* पुष्कळ पंपांत ती नळकांड्यातच असते. तिच्या वेटोळ्यांतली घाण काढणे कठीण, आणि पोलाद हलके असले तर गंजही येतो. ती झाकणाच्या वर, डोक्याखाली, दांड्याभोवती ठेवावी. मग ती कोरडी राहते आणि बदलताही येते.

*भाग थोडे असावेत आणि उलटे बसू नयेत.* बारीक गोळी मोरीत पडली की पंप संपला. तिच्याऐवजी रबराची पातळ चकती झडप म्हणून वापरावी. वरची आणि खालची चकती एकाच मापाची ठेवली तर चूक होण्याची शक्यता राहत नाही. आमच्या पंपाचे भाग आठ झाले: डोके-दांडा, स्प्रिंग, झाकण, दट्ट्या, त्याचे रबरी कडे, नळकांडे, झडपेचे बूच आणि नळी. दोन चकत्या वेगळ्या.

*कडे बाजारात मिळणारे असावे.* खास मापाचे कडे हरवले की पंप अडगळीत जातो. पंप-मोटारीच्या दुकानात मिळते तेच माप धरून दट्ट्याची खाच करावी. भारतीय मानकाने हापशाला जे दिले तेच हे.

*नळकांडे पारदर्शक असावे.* घाण दिसली तरच धुण्याची आठवण होते.

*हवेचे भोक झाकलेले असावे.* डोक्याची कड छपरासारखी बाहेर काढली की ओघळ भोकावर पडत नाही.

*सगळे भाग वाळावेत.* आत पाणी धरून ठेवणारा एकही खड्डा नको. ओल नसेल तर जीवाणूंची वाढ थांबते. म्हणून आम्ही दोन पंप सुचवतो. आठवडाभर एक वापरायचा, दुसरा घासून, सुटा करून उन्हाजवळच्या खिडकीत वाळवायचा. पुढच्या आठवड्यात अदलाबदल.

आपल्या भागासाठी एक गोष्ट जोडायला हवी. काळ्या पाषाणातले विंधन विहिरीचे पाणी बहुधा दुष्फेन असते. त्याने साबण पातळ केला तर चोचीत क्षारांचे पांढरे पुट धरते. खऱ्या साबणाचा चुन्याच्या क्षारांशी संयोग होऊन न विरघळणारा साकाही तयार होतो. बऱ्याच पंपांची चोच अडते ती यामुळे. चोच तासभर लिंबाच्या रसात बुडवून ठेवली तर क्षारांचे पुट सुटते. पण त्यासाठी चोच निघाली पाहिजे!

करून पाहा : दुधाची कसोटी

हा प्रयोग आठवी-नववीच्या मुलांना दोन दिवसांत करता येतो. साहित्य असे: औषधाच्या दुकानातून नवी घेतलेली, सुईशिवायची २० मि.ली.ची पिचकारी (वापरलेली पिचकारी मुळीच घेऊ नये), मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या दोन एकदिशा झडपा, त्यांना बसणारी नळी आणि इंग्रजी 'टी'च्या आकाराचा जोड.

जोडाच्या एका तोंडाला नळीच्या तुकड्याने पिचकारी लावा. उरलेल्या दोन तोंडांना एकेक झडप लावा. एक आत येऊ देणारी, एक बाहेर जाऊ देणारी. आत येणाऱ्या झडपेची नळी भांड्यात सोडा. दट्ट्या ओढला की द्रव आत येतो, ढकलला की दुसऱ्या नळीतून बाहेर पडतो. हा झाला बोटांनी सुटा होणारा पंप. बाहेर आलेला द्रव मोजपात्रात मोजा आणि पिचकारीवरच्या खुणेशी ताडून पाहा. फरक आला तर गळती कुठे आहे ते शोधा. आमचा पहिला पंप पाण्याऐवजी हवाच ओढत होता. नळीचा तुकडा गरम पाण्यात बुडवून मऊ केला आणि मग चढवला, तेव्हा तो नीट बसला.

असे दोन पंप करा. दोन्हींतून थोडे दूध खेळवा. मग दोन्हींतून स्वच्छ पाणी वीस वीस वेळा खेळवा, शेवटचे पाणी अगदी नितळ येईपर्यंत. आता पहिला पंप तसाच ठेवा. दुसरा सुटा करा, प्रत्येक भाग साबणाने आणि ब्रशने घासा, वाळवा आणि पुन्हा जोडा. दुसऱ्या दिवशी दोन्ही उघडून वास घ्या. चव घेऊ नका. पांढऱ्या कापसाच्या बोळ्याने झडपांचा आतला भाग आणि दट्ट्याच्या रबराची कड पुसून पाहा.

आमच्या मुलांनी डोळे बांधून वास घेतला आणि न उघडलेला पंप लगेच ओळखला. बाहेर येणारे पाणी नितळ होते, तरी आतला पंप स्वच्छ नव्हता. या दोन्हींतला फरक मुलांना नाकाने कळला. मग त्यांनीच विचारले, "वास कुठल्या भागाला जास्त येतो?" झडपेला आणि रबराच्या कडेला. म्हणजे नुसते पाणी खेळवून जिथे पोचत नाही, नेमके तिथे.

एक सूचना. पिचकारी साबणाने दोन-तीनदा धुतली की दट्ट्या घट्ट होतो, कारण रबरावरचे वंगण निघून जाते. ग्लिसरिनचा एक थेंब लावावा. खाद्यतेल लावू नये, त्याने काही रबरे फुगतात. या प्रयोगाचे पंप पुढे खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी वापरू नयेत.

टाकाऊ वस्तूंपासून पंप करण्याच्या आणखी युक्त्या हव्या असतील, तर पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी केलेली खेळणी पाहावीत. झडप म्हणजे काय, हे त्यांतून चटकन उमगते.

पंपच नको असेल तर?

उघडणारा पंप मिळेपर्यंत काय करायचे? दोन मार्ग आहेत. पहिला, आहे तोच पंप शक्य तितका सांभाळायचा. बाटलीत वरून साबण ओतायचा नाही. पूर्ण संपू द्यायची, बाटली ब्रशने घासायची, पंपातून गरम पाणी खेळवायचे, दोन्ही वाळवायचे. पाणी घालायचेच असेल तर एका दिवसापुरते घालायचे. पंपाला वास येऊ लागला किंवा बोटांना बुळबुळ लागली की तो टाकून द्यायचा.

दुसरा मार्ग साधा आहे. साबणाची वडी जाळीच्या पिशवीत घालून नळाशेजारी टांगायची. 'एकच वडी सगळ्यांनी वापरायची?' अशी शंका येते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वड्यांवर मुद्दाम जीवाणू लावून लोकांना हात धुवायला दिले, तेव्हा धुतल्यानंतर ते जीवाणू कोणाच्याही हातांवर आढळण्याइतके उतरले नाहीत. हा प्रयोगही साबण बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतला होता, हे सांगायला हवे. तरी त्यामागचे तर्कशास्त्र पटते. वडीला आतला भाग नाही, झडप नाही, चऱ्या नाहीत. वापरताना तिचा वरचा थर विरघळून वाहून जातो आणि जाळीत ती निथळते. साबणदाणीत पाण्यात बसलेली वडी मात्र चिखल होते. तसे होऊ देऊ नये.

म्हणजे सर्वांत सोपा उपाय बिनपंपाचा. मग उघडणाऱ्या पंपाचा खटाटोप कशाला? कारण पंप आपल्या आयुष्यातून जाणार नाहीत. दवाखान्यात, खानावळीत, फवारणीच्या टाकीत, दूध संकलन केंद्रात ते असणारच. तिथे वस्तू निवडताना 'हे उघडते का?' असा प्रश्न विचारणारी माणसे हवीत. तो प्रश्न विचारण्याची सवय शाळेत लागते.

दुधनीच्या त्या शाळेत आता नळाजवळ जाळीच्या दोन पिशव्या टांगल्या आहेत. कापलेला पंप विज्ञानाच्या कपाटात आहे, आणि मुलांनी काढलेली आठ भागांची आकृती भिंतीवर आहे. तिच्यावर अण्णांची एक शंका पेन्सिलीने लिहिलेली आहे: "दांड्याच्या आतली पोकळी कशाने घासणार?" पोकळी ६ मि.मी.ची ठेवावी आणि चोच निघती करावी, म्हणजे बारीक ब्रश आरपार जाईल, असे एका गटाचे म्हणणे. दांडा भरीवच करावा आणि साबण नळकांड्याच्या बाजूने बाहेर काढावा, असे दुसऱ्या गटाचे. दोन्ही पर्याय करून पाहण्यासारखे आहेत. तुमच्या शाळेतल्या मुलांना तिसरा सुचला, तर आकृतीसह आम्हांला जरूर कळवा.